समुद्रातलं नाणं कोणाचं? बुडालेली जहाजं, त्यांतला पैसा आणि आपला किनारा



नाण्यांवरची व्याख्यानं बहुतेक वेळा शहरातल्या सभागृहात होतात. तिथं समोर संग्राहक असतात, व्यापारी असतात, कोणी अभ्यासक असतात. आज आपण तोंडवलीत बसलोय. इथं एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला गडनदीची कालावल खाडी, आणि मध्ये माडांची ही चिंचोळी पट्टी, पार तळाशीलपर्यंत गेलेली. पाण्यातून काही वर आलं तर ते सगळ्यात आधी तुमच्या रापणीत येणार, तुमच्या पुळणीवर येणार. म्हणून बुडालेल्या जहाजांतल्या नाण्यांचा विषय मुद्दाम इथं मांडायचा.

दोनच प्रश्न आज हाताळू. समुद्रातून वर आलेलं नाणं कोणाचं? आणि ते आपल्याला काय सांगतं? पहिला प्रश्न जुना आहे, राजेलोकांनीही त्यावर वाद घातलेत. दुसरा तुलनेनं नवा. पण पहिल्याचं उत्तर नीट द्यायचं तर दुसरा आधी समजून घ्यावा लागतो, असं आम्हांला वाटतं. तो क्रम हळूहळू उलगडत जाऊ.

आधी एक खबरदारी. समुद्रकाठी सापडलेलं प्रत्येक नाणं जहाजातलंच असतं असं नाही. आपल्याकडं खाडी ओलांडताना पाण्यात पैसा टाकायची रीत आहे. नारळी पौर्णिमेला नारळ जातो, त्याबरोबर कधी नाणंही जातं. शिवाय ही पुळण एका जागी राहत नाही, दर पावसाळ्यात वाळू इकडची तिकडं होते, किनारा खचतो. काठावरचं जुनं घर, जुनी वाट, त्यात पुरलेलं गाडगं, सगळं वाहून जाऊ शकतं. तेव्हा वाळूत शिवराई सापडली की लगेच ‘महाराजांच्या आरमाराचं गलबत बुडालं होतं’ असं म्हणायची घाई करू नये. जहाज होतं असं म्हणायला नाण्याबरोबर आणखी काही लागतं: नांगर, खिळे, तोफ, फुटक्या बरण्या, एकमेकांना चिकटलेला नाण्यांचा गठ्ठा.

तरीही या पाण्यात जहाजं बुडाली असणार, यात शंका नाही. गुजरात आणि मलबार यांच्यामधली वाहतूक शेकडो वर्षं याच किनाऱ्यानं चालली. मालवणच्या समोरचे खडक तर तांडेलांना पाठ असावे लागतात. पावसाळा संपल्यावर बंदरं उघडायची, आणि त्याच सुमाराला अश्विन-कार्तिकातलं एखादं वादळ यायचं. जहाज फुटलं की माल किनाऱ्याला लागायचा. मग तो कोणाचा?

या प्रश्नावर आपल्याच इतिहासात एक सुंदर नोंद आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. तहाची कलमं घेऊनच आला होता. बहुतेक कलमं मान्य झाली. अडलं ते दोन कलमांवर, आणि योगायोग बघा, एक नाण्यांचं होतं आणि दुसरं फुटलेल्या जहाजांचं.

नाण्यांच्या कलमात इंग्रजांची मागणी अशी होती की त्यांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. निराजीपंतांमार्फत उत्तर आलं ते असं: कोणतंही नाणं चालायला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्याच, अशी सक्ती आम्ही करणार नाही. तुमचं नाणं वजनाला आणि कसाला मोगलांच्या नाण्याइतकं असेल तर चालेल. म्हणजे नाण्याची किंमत त्यावरच्या शिक्क्यापेक्षा त्यातल्या धातूवर ठरत होती.

दुसरं कलम फुटलेल्या जहाजांचं. इंग्रजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं तर ते आणि त्यावरचा माल परत द्यावा, अशी मागणी होती. त्याला नकार मिळाला. वादळानं किनाऱ्याला लागलेलं परत करणं कोकणच्या रिवाजात बसत नाही, आणि तुम्हांला ही सवलत दिली तर फ्रेंच आणि डच उद्या तेच मागतील, असं कारण दिलं गेलं. किनाऱ्याला लागलं ते किनाऱ्याच्या राजाचं, हा नियम फक्त आपलाच नव्हता. युरोपातले राजेही हाच हक्क सांगत आले होते.

मात्र याला अपवादही होता. आंध्रच्या किनाऱ्यावर मोटुपल्ली नावाचं बंदर आहे. तिथं काकतीय राजा गणपतिदेवाचा इ. स. १२४४ चा शिलालेख आहे. पूर्वीचे राजे वादळात सापडलेल्या जहाजांवरचं सोनं, हत्ती, घोडे, रत्नं सगळं जप्त करत. आम्ही ठरलेली जकात सोडून बाकी सगळं व्यापाऱ्यांना ठेवू, असं अभय त्यात दिलं आहे. व्यापारी आपल्या बंदरात यावेत म्हणून राजानं आपला हक्क सोडला. तेव्हा ‘समुद्रानं दिलं ते सापडलेल्याचं’ हा काही निसर्गनियम नाही. माणसांनी केलेला रिवाज आहे, आणि तो माणसांनी बदललेलाही आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येऊ. नाणं काय सांगतं? त्यासाठी थोडं दक्षिणेला, श्रीलंकेला जावं लागेल.

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ग्रेट बासेस नावाची खडकांची रांग आहे, त्यावर दीपगृह आहे. १९६१ साली माइक विल्सन हा पाणबुड्या आणि त्याच्याबरोबरची दोन मुलं तिथं उतरली असताना त्यांना तोफा आणि चांदीची नाणी दिसली. विल्सनचा भागीदार म्हणजे प्रसिद्ध विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क. त्यानं पुढं या शोधावर पुस्तकच लिहिलं. ती नाणी होती औरंगजेबाचे रुपये. टांकसाळ सुरत, हिजरी सन १११३. आपल्या हिशेबानं १७०१ चा पावसाळा ते १७०२ चा उन्हाळा. या काळात ज्याच्या नावाचा रुपया सुरतेत पडत होता, तो बादशहा स्वतः सह्याद्रीत विशाळगडाखाली तळ ठोकून बसला होता.

आता नीट लक्ष द्या. औरंगजेबाचा सुरतेचा रुपया दुर्मीळ मुळीच नाही. कोणत्याही नाण्यांच्या प्रदर्शनात तो तुम्हांला मिळेल. एकटा रुपया हातात घेतला तर तो सांगतो काय? टांकसाळ, साल, बादशहाचं नाव. हे आपल्याला आधीच माहीत आहे. पण ग्रेट बासेसला ही नाणी एकेकटी नव्हती. पिशव्यांत भरलेली होती. पिशवीचं कापड कुजून गेलं तरी नाण्यांचा पिशवीच्या आकाराचा ढेकूळ तसाच राहिला होता. एका पिशवीत हजाराच्या आसपास रुपये, म्हणजे सुमारे साडेअकरा किलो चांदी. आणि नाणी एकाच टांकसाळीची, एकाच सालची.

याचा अर्थ काय? बाजारात फिरलेला पैसा कधी असा नसतो. तुमच्या गल्ल्यातली नाणी काढून बघा, दहा वर्षांची दहा सालं सापडतील. सगळी एका सालची आहेत, याचा अर्थ ती टांकसाळीतून निघाली ती थेट पिशवीत आणि पिशवीतून थेट जहाजात गेली. कोणत्या तरी व्यापाऱ्यानं चांदी सुरतेच्या टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेतले, मोजून पिशव्या शिवल्या आणि पूर्वेकडं माल विकत घ्यायला धाडल्या. सुरतेचा रुपया तेव्हा हिंदुस्थानातलं चलन तर होताच, शिवाय निर्यातीचा मालही होता. ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली? एकट्या रुपयानं नाही. हजार रुपयांच्या संगतीनं सांगितली. तो ढेकूळ फोडून, घासूनपुसून, एकेक रुपया वेगळा विकला असता तर हजार लोकांकडं हजार रुपये गेले असते, आणि ही माहिती कोणाकडंच उरली नसती.

बुडालेल्या जहाजातल्या नाण्याबद्दल आमचं म्हणणं एवढंच आहे. त्याची खरी किंमत संगतीत असते: ते कुठं होतं, किती खोल, कशाशेजारी, कोणाबरोबर. ही संगत तोडली की हातात राहतो तो धातू.

याची दुसरी बाजूही बघू. कारण संग्राहक म्हणतील, आमच्यामुळंच तर नाणी जपली जातात. त्यात तथ्य आहे.

‘ॲडमिरल गार्डनर’ नावाचं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये लंडनहून मद्रासला निघालं आणि इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या दांड्यांवर वादळात बुडालं. त्यात लाकडी पिपांत भरलेली तांब्याची नाणी होती, पन्नास टनांच्या आसपास. मद्रास इलाख्यासाठी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेली १८०८ सालची दहा आणि वीस कॅशची नाणी. १९८० च्या दशकात तिथं उतरून दहा लाखांच्या घरात नाणी वर काढण्यात आली आणि ती जगभर विकली गेली. आजही ती सहज मिळतात. मद्रासच्या बाजाराला जी नाणी कधी पोचलीच नाहीत, ती पावणेदोनशे वर्षांनी संग्राहकांच्या फोल्डरमध्ये पोचली.

यात काही चांगलं झालं का? झालं. एखाद्या शाळकरी मुलाला फार खर्च न करता कंपनी सरकारचं खरं नाणं हातात घेता येतं, आणि हे जहाज कोणतं, कधी बुडालं, हे ठाऊक असतं. पण जहाजाच्या अवशेषांना कायद्याचं कायमचं संरक्षण मिळालं ते १९९० मध्ये, बरीचशी नाणी निघून गेल्यावर. आणखी एक गोष्ट सांगतो. ‘बुडीत जहाजातलं नाणं’ अशी चिठ्ठी लावली की विकायला सोपं जातं. चिठ्ठी कोणीही छापू शकतो. समुद्राच्या पाण्यानं खाल्लेलं नाणं आणि आम्लानं खाल्लेलं नाणं नुसत्या डोळ्यांना सारखंच दिसू शकतं. जिथं उत्खननाची नोंद आहे, तिथंच त्या चिठ्ठीला अर्थ असतो. म्हणजे संग्राहकाचाही फायदा शेवटी नोंदीतच आहे.

आता आपल्या मुंबईहून निघालेल्या पैशाची गोष्ट. ही सांगताना आवाज थोडा खाली येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातला चांदीचा रुपया बदलत होता. तोवर रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असायची. बंदा रुपया आपण म्हणतो तो हाच. १९४० मध्ये ती निम्म्यावर आणली. जुने राणीछाप रुपये १९४१ मध्ये चलनातून बाद झाले आणि मग पाठोपाठ पुढचेही. लोकांनी मडक्यांत, ट्रंकांत, मुलींच्या लग्नासाठी साठवलेली चांदी सरकारच्या खजिन्याकडं जात होती.

ऑक्टोबर १९४२ च्या सुरुवातीला ‘सिटी ऑफ कैरो’ ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. तिच्यात सुमारे दोन हजार खोकी भरून चांदीचे रुपये होते, जवळपास शंभर टन. ब्रिटिश सरकारच्या खजिन्याचा हा पैसा युद्धखर्चासाठी मागवलेला होता. बोटीवर तीनेकशे माणसं होती, बायका-मुलं होती, आणि खलाशांत आपल्याकडचे लास्कर मोठ्या संख्येनं होते. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये, सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला, जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं. बुडताना मेले ते थोडे. पण त्यानंतर उघड्या होड्यांत तहानेनं, उन्हानं, दिवसामागून दिवस माणसं जात राहिली. एक होडी ५१ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ सापडली, तिच्यात दोघंच जिवंत होती. एकूण शंभरावर माणसं गेली.

बोट पाच हजार मीटरहून खोल पडली होती, टायटॅनिकपेक्षाही खोल. २०११ मध्ये एका कंपनीनं तिचा शोध लावला आणि २०१३ पर्यंत बरीचशी नाणी वर काढली. इतक्या खोलीवरून माल काढण्याचा तो विक्रम होता. कंपनीनं तळाशी एक पाटी ठेवली, आम्ही इथं आदरानं आलो होतो अशा अर्थाची. मग नाण्यांचं काय झालं? ती इंग्लंडमध्ये वितळवली, चांदी विकली आणि पैसे कंपनी व ब्रिटिश सरकार यांनी वाटून घेतले.

विचार करा. त्या खोक्यांत कोणत्या सालचे रुपये होते, कोणत्या टांकसाळीचे किती, किती झिजलेले आणि किती कोरे, हे मोजलं असतं तर १९४२ सालच्या खजिन्याचं एक चित्र हाती आलं असतं. घरात दडवलेला पैसा बाहेर आला होता की टांकसाळीतलाच पडून राहिलेला होता, हे झिजेवरून कळलं असतं. वितळलेल्या चांदीला हे विचारता येत नाही.

त्याच महिन्यात, २३ नोव्हेंबर १९४२ ला, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ ही प्रवासी बोट अरबी समुद्रात जपानी पाणबुडीनं बुडवली. २८० माणसं गेली, बहुतेक आपल्याकडची. तिच्यात चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेनं नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेल्या. म्हणजे नाणी व्हायच्या आधीच ती बुडाली. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीनं या लगडी गुपचूप वर काढून इंग्लंडला नेल्या. त्यावरचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं लागला. चांदी वर काढल्याचा मोबदला मागता येतो का, यावर इतकी वर्षं कायद्याचा कीस पडला. तिथं २८० माणसांची समाधी आहे, या मुद्द्याला त्या दाव्यात जागा नव्हती.

कोकणाला हे वेगळं समजवायला नको. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आजही आपल्याकडच्या कितीतरी घरांत तिचं नाव निघतं. उद्या कोणी रामदासमधली पाकिटं, दागिने, पैसे विकायला काढले, तर आपल्याला काय वाटेल? १८०९ च्या जहाजातल्या नाण्याकडं आपण वस्तू म्हणून बघतो, १९४७ च्या बोटीकडं तसं बघवत नाही. मध्ये फक्त काळाचं अंतर आहे.

मग योग्य पद्धत कोणती? फार लांब जायला नको. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी मुरगावजवळच्या सुंची खडकावर एका पोर्तुगीज काळातल्या जहाजाचा अभ्यास केला. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मर्तबानी रांजणांचे तुकडे असं सापडलं. प्रत्येक वस्तू कुठं होती ते आधी टिपलं, मगच हलवली. सोन्याचांदीची रास तिथं मिळाली नाही. तरी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिका, गोवा आणि चीन यांचा व्यापार कसा जोडलेला होता, हे त्या दात-खापरांनी सांगितलं.

आता तोंडवलीच्या माणसानं काय करावं, हे सांगून संपवतो. उद्या रापण ओढताना जाळ्यात काळपट, चुनखडी चिकटलेला नाण्यांचा गठ्ठा आला, तर काय?

पहिलं, घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको. चांदी समुद्रात काळी पडते, तिच्यावर क्षाराचा थर चढतो; घासलं की थराबरोबर अक्षरंही जातात. दुसरं, वाळवू नका. बरीच वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या धातूत मीठ मुरलेलं असतं, वाळताना ते फुगतं आणि नाणं तडकतं. गोड्या पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा, पाणी अधूनमधून बदला. पुढचं काम प्रयोगशाळेचं. तिसरं, गठ्ठा फोडू नका. कारण आत्ताच सांगितलं, संगत. चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जागा टिपा. मोबाइलमध्ये जीपीएस आहेच. तो नसला तरी समोरचं देऊळ, मागचा डोंगर, सर्जेकोटचं टोक, अशा खुणा धरून जागा सांगायची विद्या तुमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाच वाव की सात वाव, तेही लिहा. स्कूबासाठी पाण्यात उतरणाऱ्या मुलांना तर आम्ही म्हणू, फोटो काढा आणि वस्तू तिथंच राहू द्या.

आणि मग कळवा. जमिनीत सापडलेल्या निधीसाठी १८७८ चा कायदा आहे, त्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना खबर द्यावी लागते. फुटलेल्या जहाजातल्या मालासाठी जहाजवाहतुकीच्या कायद्यात ‘रिसीव्हर ऑफ रेक’ नावाचा अधिकारी ठरवून दिलेला असतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. एवढी कलमं लक्षात ठेवायची गरज नाही. तहसीलदाराकडं गेलात तरी पुरे, तिथून पुढची वाट सापडते. वाचून घ्यायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे.

तुम्ही विचाराल, यात आम्हांला काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. १८७८ च्या कायद्यात सापडलेल्याचा हिस्सा मानलेला आहे, लपवलं तर तो जातो. पण त्याहून एक गोष्ट आमच्या मनात आहे. पाण्याखालच्या वारशासाठी युनेस्कोनं २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार केला, भारत अजून त्यात सामील नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा विभागही २००१ चाच, आणि किनारा हजारो किलोमीटरचा. इतक्या किनाऱ्यावर सरकारी पाणबुड्या उभा करता येणार नाही. रापणकर मात्र तिथं रोज आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. समुद्रातलं नाणं राजाचं होतं, मग कंपनीचं झालं, आता कायद्यानं सरकारचं आहे. पण ते कुठून आलं हे जो नीट सांगू शकतो, त्याच्याशिवाय ते कोणाच्याच उपयोगाचं नाही. ग्रेट बासेसची पिशवी बोलली, कारण ती पिशवी म्हणून वर आली. सिटी ऑफ कैरोची खोकी गप्प राहिली. आपल्या पाण्यातून उद्या जे येईल त्याचं काय व्हायचं, ते पहिल्या तासाभरात ठरेल, आणि तो तास तुमच्या हातात असेल.

इथं थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.